कासवाचं पाणी

भांडुप स्टेशनातून खाडीच्या बाजूला उतरून नाहूरकडे चालत सुटलं, की मिठागरं लागायच्या आत डाव्या हाताला सातेरी सदन यायचं. नाव मोठं होतं, एवढंच. कौलारू खोल्यांच्या दोन ओळी, मधे अंगण, अंगणात एक शेवगा आणि शेवग्याजवळ विहीर. राहणारे बहुतेक मालवणकडचे, गिरणीतले. संपाला पाच वर्षं होऊन गेली होती, त्यामुळे गिरणीतले हे आता फक्त बोलण्यापुरतं. कुणी रिक्षा घेतली होती, कुणी भांडुपच्या कंपनीत गेटवर उभा राहायचा, आणि ज्यांना काहीच जमलं नाही ते अंगणात बसून ज्यांना जमलं त्यांच्या चुका काढायचे.

जयवंत परबचं त्यातल्या त्यात बरं चाललं होतं. गिरणीत तो फिटर होता. आता मुलुंडला पंपदुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. सदनातला पंपही त्याच्याच ताब्यात. सकाळी पंप सुरू करायचा, सिमेंटची टाकी भरली की बंद करायचा आणि मग दारादारांतल्या नळांना पाणी सोडायचं, हे काम तो हौसेनं करायचा आणि त्यापायी रोज कुणाची ना कुणाची बोलणी खायचा.

विहीर तशी लहान, तीन पुरुष खोल. दगडी बांधणी, आत उतरायला लोखंडी कड्या. खाडी एवढी जवळ असून पाणी गोड कसं, याचं बाहेरच्यांना नवल वाटायचं. सदनातल्यांना त्याचा अभिमान होता, जसं काही ते त्यांनीच गोड केलं होतं.

त्या विहिरीचे दोन रिवाज होते. सकाळी पहिली बादली जो ओढील त्यानं ती शेजारच्या दगडी डोणीत ओतायची. साळुंक्या, बुलबुल, मुंगसं तिथं यायची. तिन्हीसांजेला मिठागराकडून एखादा कोल्हाही दबकत येऊन पिऊन जायचा. दुसरा रिवाज तळाचा. तळापासून हातभर उंचीवर भिंतीतून एक काळा दगड पुढे आलेला होता. पाणी त्या दगडाला टेकलं की पंप बंद. खालचं पाणी उपसायचं नाही, उन्हाळा कितीही कडक असो. विहिरीत एक कासव होतं, ते त्या दगडावर बसलेलं दिसायचं, म्हणून खालच्या पाण्याला सगळे कासवाचं पाणी म्हणत. ते आपण प्यायलो तर बिचारं जाईल कुठं, असं पोरांना सांगत. ती पोरं मोठी झाली, त्यांनी आपल्या पोरांना तेच सांगितलं. जयवंतही त्या पोरांतलाच. जास्त कुणी विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात मात्र सगळ्यांची परीक्षा झाली. आदल्या वर्षी पावसानं हात आखडता घेतला होता. पालिकेच्या पाण्यात कपात चालू होती. स्टेशनजवळच्या सार्वजनिक नळाची धार करंगळीएवढी झाली. विहीर एरवी मे अखेरपर्यंत तग धरायची, ती एप्रिलच्या सुरुवातीलाच दगडाला टेकली. जयवंतनं पंप बंद केला आणि बायका हंडे घेऊन स्टेशनकडे जायला लागल्या.

जयवंतच्या बायकोला, सुलक्षणाला, तेव्हा पाचवा महिना लागला होता. लग्नाला अकरा वर्षं झालेली. आधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात सगळं संपलं होतं. या खेपेला चौथा सरला, तेव्हा जयवंत दुकानातून येताना पेढे घेऊन आला. मग नजर लागेल म्हणून कुणालाच वाटले नाहीत. दार लावून दोघांनीच खाल्ले. शेजारची कमल मुलुंडच्या एका प्रसूतिगृहात आया होती. तिनं बजावून ठेवलं होतं, "सुलू, हंडा उचललास तर माझ्याशी गाठ आहे."

आणि एका दुपारी जयवंत लवकर घरी येत असताना त्याला रस्त्यात सुलक्षणा दिसली. डोक्यावर हंडा, एक हात हंड्याला, दुसरा पोटाखाली.

त्याच संध्याकाळी त्यानं सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"विहिरीत अजून पाणी आहे," तो म्हणाला. "दगडाखाली. पाइपाला तुकडा जोडला की येईल."

"अरे पण कासव?" कुणीतरी विचारलं.

"तेच सांगतो ना. पाणी कुणाचं, तर कासवाचं. मग कासवालाच बाहेर काढू. मोरीमागे जुनी टाकी आहे, तिच्यात ठेवू, पाला घालू. पाऊस पडला की परत सोडू. त्याचं काही बिघडत नाही, आपली सोय होते."

रिक्षावाल्या सहदेवनं मांडीवर थाप मारली. "झकास! फिटरचं डोकं आहे यार. एवढी वर्षं कुणाला सुचलं नाही!"

सगळे हसले. एवढा सोपा तोडगा आणि आपण वेड्यासारखे हंडे वाहत बसलो, असं ते मोकळं हसू होतं. कमल तेवढी हसली नाही.

"आमच्या गावाला, नगरकडं, आमच्या वाट्याचं पाणी दुसरेच अडवून बसले होते," ती म्हणाली. "माझी आई विहिरीच्या कट्ट्याखाली उभी राहायची, वरून कुणाला दया आली तर हंडा भरायचा. इथं आले तेव्हा पहिल्यांदा आपल्या हातानं विहिरीतून पाणी ओढलं मी. म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला हात लावायचा म्हटलं की मला कसंतरी होतं, भाऊ."

"अहो कमलताई, वाटा मारतोय कुठं? त्याला टाकी भरून देतोय की."

पुढे नळाला पाणी आलं, तेव्हा तिचाही हंडा लागला. घरात दोन पोरं होती. तिला बोल कुणी लावावा?

गुणाजीकाका असते तर काय म्हणाले असते, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. सदनातले ते सगळ्यात जुने, पण उन्हाळाभर ते गावाला असायचे.

जयवंत स्वतःच विहिरीत उतरला. कासव दगडावर होतं, परातीएवढं. एरवी माणसाची चाहूल लागली की ते मान आत घ्यायचं. त्या दिवशी घेतली नाही. त्यानं त्याला टोपलीत ठेवलं तरी ते मान लांब करून खाली पाण्याकडेच बघत राहिलं. टोपली वर गेली. जयवंतनं पाइपाला तुकडा जोडला आणि टोकाची जाळी दगडाखाली बुडवली. पाण्यात हात घातला तेव्हा बोटांची पेरं दुखावीत इतकं ते गार होतं. तीन पुरुष खाली असायचंच गार, असं तो मनाशी म्हणाला.

पाणी आलं. आणि काय पाणी! पोरं सरबत नको म्हणायला लागली. खाडीकाठची विहीर जास्त उपसली तर खारट होते, हे जयवंतला ठाऊक होतं, म्हणून तो रोज सकाळी पहिली चूळ स्वतः भरून बघायचा. खारटपणाचं नाव नाही. सकाळी उपसलेलं दुसऱ्या सकाळपर्यंत तेवढंच भरून यायचं. कासव टाकीत पालकाची पानं खात होतं. सुलक्षणा उंबऱ्यात बसून नळाखाली कळशी भरायची, आणि कळशीत वाजणारी ती धार ऐकत जयवंत चहा पीत बसायचा. ते दिवस सुखाचे होते, हे नंतर आठवून त्याला फार त्रास व्हायचा.

पाखरांचं सुलक्षणाच्याच लक्षात आलं.

"अहो, डोण भरलेलीच राहते हल्ली."

त्यानं बघितलं. डोण काठोकाठ होती. एक साळुंकी काठावर येऊन बसली. उन्हानं तिची चोच उघडी पडली होती. ती पाण्याकडे बघत राहिली, मग उडून गेली. दुसरी आली, तीही तशीच गेली. संध्याकाळी मिठागराच्या बांधावर कोल्हे दिसले, चांगले चार-पाच. विहिरीकडे तोंड करून बसले होते. कुणी पुढे आलं नाही, कुणी ओरडलं नाही. अंधार पडेपर्यंत ते तसेच बसून होते.

"भटकी कुत्री असतील तिकडे, घाबरत असतील," जयवंत म्हणाला.

मग भांडणं सुरू झाली. पाण्यावरून भांडणं होणार हे धरूनच चाललं होतं, पण ही वेगळी होती. रात्री भरून ठेवलेला हंडा सकाळी चार बोटं कमी भरायचा. आधी एका घरात, मग दुसऱ्या, मग सगळ्यांच्या. हंडा गळतो म्हणून एकीनं तो झाळून आणला, तरी तेच. मग चोरीचा संशय. समोरासमोरच्या बायका एकमेकींच्या माहेरापर्यंत पोचल्या. सहदेवनं तर रात्री माठाला दोरी बांधून दोरीचं टोक स्वतःच्या पायाला बांधलं. सकाळी दोरी जागच्या जागी होती आणि माठ चार बोटं खाली होता. त्यानंतर तो पाण्यावरून कुणाशी भांडला नाही. पाण्याचा विषय निघाला की उठूनच जायचा.

जयवंतला असल्या गोष्टींचा राग यायचा. पाणी जातं तर त्याला वाट असणार. त्यानं स्टीलचे दोन सारखे डबे घेतले. एकात विहिरीचं पाणी भरलं, एकात स्टेशनच्या नळाचं. दोन्हींवर घट्ट झाकणं लावली, वरून फडकं बांधलं आणि दोन्ही फळीवर शेजारी ठेवले. सकाळी फडकी कोरडी होती, झाकणं घट्ट होती. नळाचं पाणी काठोकाठ होतं. विहिरीचं चार बोटं कमी. आतल्या बाजूला, जिथं आधी पाणी होतं तिथं ओलसुद्धा नव्हती. पत्रा कोरडा ठणठणीत.

त्यानं आत बोट फिरवून बघितलं. मग त्यानं दोन्ही डबे रिकामे करून जागेवर ठेवले आणि सुलक्षणाला काही सांगितलं नाही. तिला आता सातवा होता. जीव घाबरेल असं काही तिच्या कानावर घालायचं नाही, असं कमलनं सांगून ठेवलं होतं. स्वतःची समजूत घालायलाही त्याला ते सोयीचं पडलं.

त्याच आठवड्यात प्रसूतिगृहात तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी टेप लावला, मागचा कागद बघितला, पुन्हा टेप लावला.

"वाढायच्या ऐवजी कमी लागतंय," त्या म्हणाल्या. "बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय. गळतंय का कुठं? नाही? मग भरपूर पाणी प्या. विसरू नका."

बाहेर व्हरांड्यात कमल उभी होती. तिनं जयवंतकडे बघितलं आणि नजर खाली घेतली.

घरी आल्याबरोबर सुलक्षणानं माठातून पेला भरला. डॉक्टर सांगतील ते ती अगदी मनापासून करायची. एक पेला प्यायली, दुसरा भरला. जयवंत चपला काढत होता. त्याची नजर त्या पेल्यावर गेली आणि त्याला फळीवरचे डबे आठवले. त्यानं झडप घालून पेला तिच्या हातातून घेतला. पाणी सगळं जमिनीवर सांडलं.

"अहो! काय झालं?"

"हे नको," तो म्हणाला. "हे पाणी नको पिऊस."

त्या दिवसापासून तो सायकलला कॅन लावून मुलुंडहून दुकानातल्या नळाचं पाणी आणायला लागला. पंप त्यानं बंद केला. जोडलेला तुकडा काढून टाकला. सदनात एकच गिल्ला झाला.

"बायकोसाठी सुरू केलास आणि बायकोसाठीच बंद करतोस काय रे?" एक म्हातारी दारातून ओरडली. "बाकीच्यांची पोरं काय धोंडे खातील?"

ती खोटं बोलत नव्हती. पण पंप चालू असता तरी उपयोग नव्हता. पंप बंद केला त्याच दिवशी विहिरीचे झरे थांबले. तळाला नुसता ओला गाळ राहिला. आणि सुलक्षणा म्हणाली, बाळ कालपासून फारसं हलत नाही.

गुणाजीकाका मृगाच्या आधी आले. पाऊस दूरच होता. खांद्यावर फणस, हातात पिशवी, अंगणात शिरताच त्यांना मोरीमागची टाकी दिसली. फणस त्यांनी तिथंच खाली ठेवला.

"ह्या भायर कित्याक काढलास?"

जयवंतनं सांगितलं. सांगताना त्याला स्वतःचाच आवाज पोरवयातला वाटला.

"दगडाखालचा घेतलास?"

"काका, कासवाचं ते. कासवाला टाकीत ठेवलंय ना व्यवस्थित."

गुणाजीकाका टाकीच्या कडेवर बसले. चष्मा काढून त्यांनी तो धोतराला पुसला, पण परत घातला नाही.

"अरे, ह्या कासव मिया हाडलंय. गावच्या तळयेतसून, तेलाच्या डब्यात घालून. तू तेव्हा पाळण्यात होतस. आणि दगडाची अट त्याच्या आदीची. जागा घेतली तेव्हाची. जागेवाल्याच्या म्हातारेन माझ्या बापाशीक विहिरीवर हात ठेवूक लावल्यान आणि कबूल करून घेतल्यान."

"मग ते पाणी कुणाचं?"

"माका काय म्हायत? बापाशीन इचारूक नाय, मिया इचारूक नाय. सोडूचा म्हणून सांगितला, सोडला."

मग सगळ्यांच्या वतीनं सहदेवच म्हणाला, "कासव परत सोडून तर बघू."

टोपलीत घालून कासव खाली सोडलं. काठावर सगळे वाकून बघत होते. कासव टोपलीतून निघालं, काळ्या दगडावर चढलं आणि तिथं बसलं. खाली ओला, मऊ गाळ होता. एवढ्या उन्हात कुठलंही कासव त्यात जाऊन रुतलं असतं. हे गेलं नाही. दगडाच्या कडेपर्यंत सरकलं, मान लांब केली, खाली बघितलं आणि मागे झालं.

"मिया त्याका दगडाच्या खाली कधी बघूक नाय," गुणाजीकाका म्हणाले.

मग एकेकाला आठवलं. दगडावर बघितलं होतं, दगडाच्या वर पोहताना बघितलं होतं. दगडाखाली गेलेलं कुणीच बघितलं नव्हतं.

जयवंत शर्ट काढून कड्यांवरून उतरायला लागला. "ज्याच्याकडे विहिरीचं असेल नसेल ते सगळं पाणी आणा, ज्याचं त्याला परत करू," एवढंच तो म्हणाला. तिन्हीसांज व्हायला आली होती.

सगळ्यात आधी कमलनं आपले दोन्ही हंडे आणून काठावर ठेवले. सहदेवनं माठ आणला. ओरडणारी म्हातारी कळशी घेऊन आली. काहींनी दारं लावून घेतली. जयवंत दगडावर कासवाशेजारी उभा राहिला आणि वरून बादली यायची वाट बघत त्यानं खाली नजर टाकली.

गाळ काळा, गुळगुळीत होता. त्यावर पावलं उमटली होती.

पाखरांची तीन बोटांची, असंख्य. मुंगसांची. कोल्ह्यांची. हरणाचे खूर होते; नाहूरला हरीण कुणी बघितलंय? एक मोठं, गोल, मांजरासारखं पाऊल होतं, त्याच्या तळहाताहून रुंद. चहूबाजूंच्या भिंतींपासून निघून ती सगळी मधल्या झऱ्याच्या भोकाकडे गेली होती, पाणवठ्याकडे जातात तशी.

परत आलेलं एकही नव्हतं.

तो ज्या दगडावर उभा होता, त्याच्या अगदी खालून अजून एक रांग निघाली होती.

उजवं पाऊल, डावं पाऊल. माणसाचं.

त्याच्या करंगळीएवढं.

ती पावलं ताजी होती. त्यांच्यात अजून पाणी झिरपत होतं.

"जयवंता!" वरून हाक आली. "बादली सोडतोय रे!"

त्यानं बादली धरली. पावलं मोडू नयेत म्हणून अगदी कडेनं, हळूहळू ओतली. गाळानं पाणी घेतलं. घशातून उतरावं तसा आवाज आला आणि थांबला.

"चुकलं माझं," जयवंत म्हणाला. "माझं चुकलं. ह्यांचं कुणाचं नाही."

दुसरी बादली. तिसरी. मग त्यानं मोजणं सोडलं.

तो ओतत होता आणि रडत होता, आणि आपण रडतोय याची त्याला लाज वाटत नव्हती. हंडे संपले. माठ संपला. शेवटची बादली ओतली, तेव्हा पाणी थांबलं. चार बोटं उभं राहिलं. त्याच्या तळाशी ती सगळी पावलं तशीच दिसत होती.

त्यानं त्या लहान पावलांची परतीची रांग शोधली. वाकून, कुशीवर होऊन, दिसेनासं होईपर्यंत शोधली.

नव्हती.

पुढच्या आठवड्यात पाऊस लागला. विहीर भरली. डोणीवर साळुंक्या परत आल्या, हंड्यांतलं पाणी जिथल्या तिथं राहायला लागलं. भांडणं नेहमीच्या कारणांवर आली आणि सगळ्यांना हायसं वाटलं. सुलक्षणाचं पोट पुन्हा टेपात बसायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी.

मुलगी झाली. लहानखुरी, पण धडधाकट. कमलनंच तिला धुऊन पुसून बाहेर आणलं. पोर टाहो फोडून रडत होती. जयवंतनं दुपटं बाजूला करून आधी तिची पावलं बघितली. दोन्ही होती, गुलाबी, कोरडी. सुलक्षणाच्या सासूचं नाव ठेवलं, मालन.

मालन रडायची तेव्हा डोळ्यांतून पाणी यायचं नाही. पहिले काही आठवडे सगळ्याच बाळांचं असं असतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ते आठवडे गेले, महिने गेले. दोन वर्षांची झाली तरी ती कोरडीच रडायची. तोंड वेडंवाकडं व्हायचं, हुंदके यायचे, गाल मात्र कोरडे. सुलक्षणा पदराचं टोक भिजवून तिच्या डोळ्यांना लावायची. जयवंतला ते बघवत नसे. तो उठून अंगणात जायचा आणि पंपाचं काहीतरी उगाच खोलून बसायचा. दगडाच्या वर एक हात पाणी असतानाच तो आता पंप बंद करायचा. त्यावरून लोक बोलायचे, तो ऐकून घ्यायचा. आपण सगळं केलं ते हिच्या आईसाठी, असं त्यानं मनाला पुष्कळदा सांगून बघितलं. खरं असूनही त्याचा उपयोग व्हायचा नाही.

नव्वदच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी मालन अंगणातून धावत आली, पाणी मागितलं. जयवंतनं तिचा लहान पेला भरून दिला. ती दोन्ही हातांनी धरून घटाघटा प्यायली, आणि तळाशी थोडं राहिलं तसा तिनं पेला तोंडाचा काढून जमिनीवर नीट ठेवला. हे तिचं रोजचंच होतं. कुणी शिकवलं नव्हतं.

आज त्यानं पहिल्यांदा विचारलं. "हे कुणाला गं ठेवलंस? कासवाला?"

मालननं मान हलवली. नाही.

"मग कुणाला?"

"मालनला," ती म्हणाली.

त्या वयाची पोरं स्वतःला नावानंच बोलावतात. जयवंत हसला, पेला उचलून तिच्यापुढे धरला. "मग पिऊन टाक ना, बाय."

तिनं पेला त्याच्या हातातून घेतला आणि परत होता तिथं ठेवला. "ह्या मालनला नाय," ती म्हणाली, आणि तिनं बोट खाली, जमिनीकडे दाखवलं.